पावसाचे गव्हले

लोणावळ्याला पाऊस बघायला येणाऱ्यांचा मला राग येत नाही, कीव येते. शनिवारी येतात, भिजतात, भजी खातात, चिक्कीचे पुडे बांधून घेतात आणि रविवारी संध्याकाळच्या गाडीनं आपापल्या कोरड्या घरी जातात. आम्ही उरतो. श्रावण सरत आला आणि माझ्या खोलीत कोरडी म्हणावी अशी काडेपेटीसुद्धा नाही. ती मी डाळीच्या डब्यात पुरून ठेवते. दार फुगलंय, ते ढकलून ढकलून खांदा दुखतो. चपलांना बुरशी, पुस्तकांना बुरशी. शाळेतला खडू सर्दावलाय, फळ्यावर उमटत नाही. मुली विचारतात, "बाई, पाऊस कधी थांबणार?" मी शास्त्र शिकवते म्हणून हा प्रश्न मला. मी सांगते, "दिवाळीला विचारा." हसतात मेल्या. हसू देत. मला आता हसायचाही कंटाळा येतो.

शाळेखेरीज माझा एक उद्योग आहे. पुण्याच्या एका मासिकात, जगात नवीन काय सापडलं त्याची दोन पानं मी लिहिते. संपादक परदेशी कात्रणांचं पाकीट पाठवतात, मी ते आपल्या माणसांना कळेल असं मराठीत उतरवते. माणूस भला आहे, पण एक हट्ट आहे त्यांचा. प्रत्येक शोधाखाली 'याचा आपल्याला उपयोग' अशी एक ओळ हवी. आकाशात कुठंही कान लावा, एकसारखी बारीक खरखर ऐकू येते आणि ती विश्वाच्या जन्माच्या वेळची आहे, असं एकदा लिहायचं होतं. याचा उपयोग काय सांगू, कपाळ? मी वैतागून लिहिलं, 'रेडिओ दुरुस्तीला टाकण्याआधी विचार करावा.' छापलं की हो त्यांनी!

समुद्राचा तळ मधोमध फाटतो आणि आपली नखं वाढतात त्या चालीनं दोन्हीकडे सरकतो, हेही मी लिहिलं. सोंगट्यांचा खेळ खेळणाऱ्या यंत्राबद्दलही लिहिलं. ते यंत्र स्वतःशीच डाव मांडतं, हरलं की आपल्या आकड्यांत थोडी दुरुस्ती करतं, परत खेळतं, आणि असं करत करत ज्यानं त्याला बनवलं त्यालाच हरवतं. लोकांना फार आवडलं ते. शाळेतले गणिताचे मास्तर म्हणाले, "बाई, उद्या ही यंत्रं आपल्या नोकऱ्या खाणार." मला भीती वाटली नाही, चीड आली. त्या यंत्राला हजारो डाव मिळाले. चुकायचं, सुधारायचं, पुन्हा बसायचं, आणि दमायचं नाही. एवढं मिळालं तर कोण शिकणार नाही? मला एकच मोसम मिळाला होता.

पंधराएक वर्षं झाली. धान्याच्या तंगीचे दिवस होते, रेशनच्या रांगा आणि तांबडा गहू. मी नुकतीच एम.एस्सी. होऊन पुण्यात एका सरांच्या हाताखाली काम करत होते. सरांचा विषय पाऊस. मावळचा पट्टा त्यांना फार प्रिय, कारण घाटमाथ्यावर पाऊस दिवसचे दिवस कोसळतो आणि पूर्वेला वराळे-सुदुंबऱ्याकडे जाईतो त्याचा जोर पार ओसरतो. सरांचा प्रश्न साधा होता. पाऊस कमी होतो म्हणजे नुसते थेंब कमी होतात, की थेंबच निराळा असतो? एक विद्यार्थी वराळ्याला बसवला, मला घाटाकडे पाठवलं. सर मोघम बोलणारे नव्हते. म्हणाले, "चांगला नमुना आणलास तर शिष्यवृत्ती तुझी, पुढं डॉक्टरेट. नाही आणलास तर माझ्याकडे जागा नाही." घरी वडिलांनीही एवढ्या एका वर्षाचीच मुभा दिली होती. म्हणजे माझं सगळं काही त्या पावसाळ्यावर होतं.

थेंब मोजायची रीत मात्र अगदी स्वयंपाकघरातली. परातीत बारीक चाळलेला मैदा बोटभर जाड पसरायचा, फळीनं सपाट करायचा, झाकण घालून पावसात जायचं. झाकण काढायचं, दोन-तीन श्वास थांबायचं, परत झाकायचं. जो थेंब पिठात पडतो तो आपल्या मापाची एक गोळी करतो. मोठ्या थेंबाची मोठी, बारक्याची बारकी. त्या वाळवायच्या, मोकळं पीठ चाळून घ्यायचं आणि गोळ्या पुडीत बांधून वर तारीख-वेळ घालायची. मोजमाप तिथं करायचं नाही. घाटातल्या आणि वराळ्याच्या गोळ्या पुण्यात त्याच चाळण्यांतून, एकाच तराजूवर, एकाच हातानं तोलायच्या, असा सरांचा दंडक होता. दंडक बरोबरच होता. आजही मी तोच घालीन.

लोणावळ्याच्या अंगाला डोंगराशी चिकटून एक वाडी आहे, तिथं हौसामावशी आणि आबांच्या घरी माझी सोय झाली. भाताची चार खाचरं, एक म्हातारा बैल, लेकी नांदायला गेलेल्या. पहिल्याच दिवशी मी परात घेऊन अंगणात उभी राहिले तेव्हा आबा पानांचं इरलं पांघरून खाचरातून येत होते. ते तिथंच थबकले.

"आगं ए," त्यांनी घरात हाक मारली, "ही बाई पावसाला पीठ वाढती!"

मावशी दारात आली. "नवस आसंल," म्हणाली. मग मला, "पोरी, कंच्या देवाचं हाय?"

"देवाचं नाही मावशी. थेंब मोजायचेत."

"आन् मोजून?"

"सरांना हवेत."

मावशीनं परातीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तिचा आवाज चढला. "आन्न हाय त्ये. हितं मानसं कुर्डूची भाजी खाऊन दिस काडत्यात, आन् तू पीठ भिजवाया आलीस व्हय? लाज न्हाई वाटत?"

वाटली. खरंच वाटली. मी तिला घरात नेऊन दाखवलं, की गोळ्या तेवढ्या निघतात, बाकीचा मैदा चाळून पुन्हा परातीत जातो, वाया काही जात नाही. ती जरा निवळली. गोळ्या वाळवायला त्या ओलीत चुलीवरच्या फळीखेरीज जागा नव्हती, ती तिनं दिली; बांधलेल्या पुड्याही मी तिथंच ठेवू लागले. दुसऱ्या दिवशी फळीवरची ताटली खाली घेऊन तिनं बोटानं गोळ्या ढवळल्या आणि एकदम ओरडली, "आगं बया! हे तर गव्हलं!"

लग्नघरी उन्हाळ्यात बायका अंगणात बसून रव्याच्या कणकेचे तांदळाएवढे दाणे वळतात, ओव्या म्हणत म्हणत. त्याची खीर होते. नवरीच्या रुखवतात गव्हल्याचं ताट नसेल तर वरमाय नाक मुरडते. आता घरात एक लग्नाची पोरगी, रोज मैदा घेऊन बसते, दाणे करते, वाळवते, पुडीत बांधून तारीख घालते. कोडं सुटलं होतं. मावशीचा चेहराच उजळला.

"मंग आदी का न्हाई सांगितलंस? कुटं जमलंय?"

"मावशी, नाही हो. थेंब आहेत ते."

"व्हय व्हय, थेंब," म्हणत तिनं दाराशी आलेल्या शेजारणीकडे बघून डोळा मिचकावला.

झालं. भर पावसात गव्हले करणारी पोर म्हणून वाडीभर बोभाटा झाला. बायका बघायला यायच्या. ताटलीत बोट फिरवून नापसंतीनं मान हलवायच्या. "लय बारीक करती ही. खीर करायची का खसखस पेरायची? सासू काय म्हनंल?" त्या नावं ठेवायच्या आणि मी मनातून उड्या मारायची, कारण बारीक निघणं हीच तर नवी गोष्ट होती. तळेगावला वराळ्याचा तो विद्यार्थी भेटला, त्याच्या पुडीतल्या गोळ्या ज्वारीच्या दाण्यासारख्या ठसठशीत होत्या. माझ्या राजगिऱ्यासारख्या. म्हणजे घाटातला थेंबच वेगळा! चाळणीतून काढल्याशिवाय बोलायचं नाही हे कळत होतं, तरी परत येताना गाडीत मी एकटीच हसत होते. समोरच्या बाईनं पिशवी जवळ ओढून घेतली.

त्या दिवसांचं सगळं अंगावर आहे अजून. इरल्याच्या पानांचा कुजका-गोड वास. धुरानं चुरचुरणारे डोळे. पावसात हात कायम पांढरे, सुरकुतलेले. धुक्यात बांधावरच्या तेरड्याच्या रंगापलीकडे नजरेला काही न दिसणारी दुपार. भाताची लावणी करणाऱ्या बायका कमरेत वाकलेल्या, त्यांच्या पाठीवर पाऊस आणि तोंडात गाणं. कपडे वाळत नसत. ओलेच घालायचे आणि अंगावर वाळवायचे. मी तरुण होते म्हणून हे सगळं सोसलं, असं आता म्हणते. पण तेव्हाही दमत होतेच. फक्त त्या दमण्याला काही अर्थ होता. आता नुसतंच दमते.

श्रावणात मला ताप भरला. उतरेचना. लोणावळ्याहून डॉक्टर आले, विषमज्वर म्हणाले. "हलवू नका, दूध द्या, पातळ काही द्या, भाकरी अजिबात नको." घरात तांदूळ संपलेले, नवं भात यायला दिवाळी, रेशनचा गहू भरडा, माझा उरला मैदा ओलीनं आंबलेला. नाचणीच्या भाकरीवर चाललेलं घर ते, त्यात आजाऱ्याला पातळ काय देणार? हे मला तेव्हा कळतही नव्हतं. मी आढ्याकडे बघत पडले होते. आठवतं ते एवढंच की मावशी माझं डोकं मांडीवर घ्यायची आणि चमच्यानं काहीतरी भरवायची. दूध, गुळाची गोडी आणि जिभेवर विरघळणारे मऊ मऊ दाणे. इतकं चांगलं मी आयुष्यात दुसरं काही खाल्लेलं नाही. रोज वाट बघायची मी त्या वाटीची. तापातच मी मावशीशी 'अहो'वरून 'अगं'वर आले, ते कायमचं.

मग एका सकाळी घाम फुटला आणि ताप गेला. भिंतीला धरून चुलीपर्यंत आले, फळीवर हात फिरवला. पुड्यांच्या जागी कागद होते. नीट झटकलेले, घड्या घातलेले, माझ्या तारखांसकट.

"मावशी, यातलं कुठं आहे?"

"पोटात हाय की तुज्या," मावशी कौतुकानं म्हणाली. "रोज मूठ-मूठ घातलं. लय हलकं निगालं बग, म्हनून तर उटलीस."

मी ओरडले नाही. अंगात ताकदच नव्हती. खाली बसले आणि रडायला लागले ते थांबेना. मावशी घाबरली. तिला वाटलं, रुखवताचं रांधलं म्हणून पोर रडतीय.

"आगं, तुजंच हुतं, तुलाच घातलं," ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "घरात येक दाना कुनाच्या तोंडात न्हाई जाऊ दिला. ह्यांनी येकदा वाटी चाटाया मागितली, म्या त्यीबी न्हाई दिली."

 कुणावर रागवायचं? जिनं माझं सगळं घालवलं तिनंच मला मरू दिलं नव्हतं, आणि दोन्ही एकाच वाटीनं.

पुढचे दिवस मी अंथरुणात आणि माझ्या शेजारी वाडीतल्या बायका गव्हले वळत बसलेल्या. मावशीनं रेशनच्या गव्हाचा रवा काढला होता, कुणी पसा आणला, कुणी ओंजळ. स्वतः भाजीपाल्यावर राहून त्यांनी माझं रुखवत भरून काढलं. एकसारखे, देखणे दाणे, एकही डावा नाही. शास्त्राच्या दृष्टीनं कवडीमोल. मी गुपचूप पिशवी घेतली, पाया पडले आणि पुण्याची गाडी धरली. निघण्याआधी पुन्हा परात घेऊन अंगणात उभी राहिले होते, पण सुरुवातीचा जोराचा पाऊस निघून गेला होता. भाद्रपदाच्या सरींतून जेवढं मिळालं तेवढं अगदीच तोकडं.

सर रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला. "घाटातला थेंब लहान आहे असं तुला वाटतं," ते म्हणाले, "पण वाटण्याला वजन नसतं." खरं होतं. पुढच्या वर्षी बघू म्हणाले. मोसम दर वर्षी येतो हो, मंजुरी नाही येत. शिष्यवृत्ती वराळ्याच्या विद्यार्थ्याला मिळाली, वडिलांचं वर्ष संपलं, मी बी.टी. केलं आणि लोणावळ्याच्या शाळेत लागले. एवढी गावं सोडून इथंच का, असं आई विचारायची.  लग्न झालं नाही. एका स्थळानं मला नाकारलं, एकाला मी, मग विषय मागं पडला. मला त्याची हळहळ नाही. त्या पुड्यांची मात्र दर पावसाळ्यात होते, आणि वय वाढेल तशी कमी होईल म्हणतात ते खोटं आहे.

हळहळ मावशीला होती, लग्नाची. नवरीच्या आधी रुखवत खाल्लं गेलं म्हणून माझं जमलं नाही, हे तिनं मनाशी धरलं. माझ्यासाठी सोमवार धरले तिनं, वर्षानुवर्षं. आबा गेले त्या साली तेवढे सुटले. रविवारी कधीमधी मी वाडीवर जाते, आणि मी उठताना ती विचारणारच, "पोरी, माज्यामुळं मोडलं न्हवं तुजं?" मी म्हणते, "नाही गं मावशी, तुझ्यामुळं काही मोडलं नाही." असं म्हणून म्हणून ते वाक्य गुळगुळीत झालंय.

परवा पाकीट आलं. त्यात एक कात्रण पावसाचं. आता एक यंत्र निघालंय, थेंब त्यावर आपटला की विजेच्या झटक्यानं त्याचं माप कळतं. पीठ नको, परात नको, चूल नको. डोंगराला अडून पडणाऱ्या पावसात थेंब लहान आणि दाट असतात, सपाटीवरच्या गडगडाटी सरीत ते मोठे असतात, असं त्यावर मोजून दिसलं. मी दहा ओळी लिहिल्या. हात स्थिर होता. खाली उपयोगाची ओळ लिहायची राहिली, ती सुचेना, म्हणून कागद पिशवीत टाकला आणि रविवारी वाडीवर गेले.

मावशी ओट्यावर बसली होती, पाय पसरून. आता तिला कमी दिसतं, ऐकू मात्र येतं सगळं. पावसाची झिमझिम चालू होती. मी म्हटलं, "मावशी, लिहिलेलं वाचून दाखवू?" ती म्हणाली, "वाच की. मला कुटं जायाचंय?" मी वाचलं. 

"म्हंजी आपल्या हितला थेंब बारीक," ती म्हणाली.

"हो."

"ह्ये त्येंनी आत्ता हुडकलं?"

"हो."

"आन् तुजं गव्हलं लय बारीक निगायचं. समद्या बाया हसायच्या." ती थांबली. पागोळ्यांचं पाणी अंगणात पडत होतं, तिकडे तिनं तोंड केलं.  मग हळू म्हणाली, "त्ये रुखवत न्हवतंच."

"नव्हतं मावशी."

"तू सांगत हुतीस. थेंब म्हनून. आमी हसलो." तिनं माझा हात चाचपला, धरला. "म्हंजी तुजं लगीन म्या न्हाई मोडलं."

"नाही."

"मंग ह्ये मोडलं. ह्ये कागदावरचं. ह्ये तुजं हुतं."

ते गुळगुळीत वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. पण मी फार दमले होते, आणि तिनं इतक्या वर्षांनी बरोबर जागी बोट ठेवलं होतं.

"हो," मी म्हणाले. "हे माझं होतं."

मावशीनं माझा हात सोडला नाही. "येवडी वर्सं येतीस, मला येक शिवी न्हाई दिलीस?"

"तू मला जगवलंस ना."

"त्ये येगळं. त्येची भरपाई ह्यात न्हाई धरायची." ती ताठ बसली, डोकीवरचा पदर सारखा केला. "दे. आत्ता दे. मनात ठिऊ नगंस."

मी शाळेत शिकवते. मला शिव्या येत नाहीत. पण त्या वाडीत एक पावसाळा काढलाय मी, बायकांमध्ये, चिखलात. मी मावशीला मोठ्यानं, पोटातून, शिवी दिली. "तुझा मुडदा बशिवला, माझं सगळं खाऊन बसलीस!" समोरच्या घरातली सून दारात आली, काय झालं म्हणून बघायला.

मावशीनं मान हलवली. "आजून दे," ती म्हणाली.